अंगवळणी पडणं आणि आहारी जाणं

आत्याने मॉर्फिनची गोळी दातांनी तोडली, अर्धी गिळली आणि उरलेली अर्धी कागदात गुंडाळून उशीखाली सारली. "अगं, पुरती घेतली की सवय लागते," ती म्हणाली. कर्करोग मणक्यात उतरला होता. कूस बदलायची म्हटलं तरी तोंडातून आवाज निघायचा.

ती गोळी बारा तासांची होती, म्हणजे आतलं मॉर्फिन बारा तासांत हळूहळू झिरपावं अशी तिची घडण. गोळी तोडली की ती घडणच मोडते आणि औषध एकदम रक्तात उतरतं. म्हणून आत्या पहिले काही तास गुंगीत असायची आणि उरलेले सगळे कण्हत. सवय लागू नये म्हणून ती जे करत होती, नेमकं तेच नशेसाठी अशा गोळ्या घेणारे करतात: फोडतात, कुटतात, बारा तासांचा माल एका झटक्यात मोकळा करतात. हे तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की घोटाळा गोळीपेक्षा 'सवय' या शब्दात जास्त आहे.

आपल्याकडे पहाटे उठायचीही सवय असते, चष्म्याचीही आणि दारूचीही. औषधांच्या बाबतीत या ऐसपैस शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. आणि गंमत अशी, की त्या दोन्हींसाठी मराठीत चोख शब्दप्रयोग आधीपासून आहेत. एखादी गोष्ट अंगवळणी पडते. आणि माणूस एखाद्या गोष्टीच्या आहारी जातो. पहिल्यात मामला अंगाचा, दुसऱ्यात माणसाचा. डॉक्टरी भाषेत पहिल्याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात, दुसऱ्याला व्यसन. मला आपले घरचे शब्दच जास्त नेमके वाटतात.

आधी अंग. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून शरीराला जागं आणि सावध ठेवणं हे त्याचं काम. मॉर्फिन त्याला दाबून धरतं. रोजच दाब येतोय म्हटल्यावर या पेशी आतून आपला जोर वाढवतात, आणि काही दिवसांत मॉर्फिन असूनही त्यांचं काम बरंचसं पूर्वीसारखं चालू लागतं. झालं, औषध अंगवळणी पडलं. आता मॉर्फिन अचानक काढून घ्या. दाब गेला, पण वाढवलेला जोर तसाच. मग घाम, जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब. यालाच विथड्रॉवल म्हणतात. क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते याच पेशींना शांत करतं, म्हणून या लक्षणांवरही चालतं. या सगळ्या हिशेबात मोह, इच्छा किंवा मनाचा कमकुवतपणा कुठेच येत नाही. आई गरोदरपणी ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन-हेरॉइनच्या जातीचं औषध, घेत असेल तर बाळ जन्मल्यावर थरथरतं, कर्कश रडतं, दूध नीट ओढत नाही. त्याला विथड्रॉवल होत असतो. त्या बाळाला व्यसनी म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

अंगवळणी पडायला औषध नशेचंच असावं लागतं असंही नाही. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचं औषध एकदम थांबवलं तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच आठवडे घेतलं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतात; अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. पॅरॉक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी झटक्यात सोडणारे डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, असं सांगतात. यातल्या कुठल्याही गोळीसाठी कुणी चोरी केल्याचं ऐकलंय? माझी स्वतःची कॉफी चुकली की दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. तेही विथड्रॉवलच, आणि मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत त्याला रीतसर जागा आहे.

आता आहारी जाणं. इथे मेंदूतला पत्ताच वेगळा. मध्यमेंदूतून न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागाकडे जाणारी डोपामिनची वाट 'हे पुन्हा कर' असं शिकवत असते, आणि या शिकवणीत वेगाला फार महत्त्व आहे. हेरॉइन म्हणजे मॉर्फिनच्या रेणूला दोन अ‍ॅसिटिल गट जोडलेले. ते मेंदूत मॉर्फिनपेक्षा लवकर शिरतं आणि तिथे मोडून पुन्हा मॉर्फिनच होतं. म्हणजे फरक मुख्यतः पोचण्याच्या घाईत. शिरेतून एका क्षणात आणि पोटातून बारा तासांत, हे मेंदूला दोन वेगळे धडे आहेत. आणि हेच हेरॉइन ब्रिटनमध्ये डायमॉर्फिन या नावाने तीव्र वेदनेवर दिलं जातं.

धडा पक्का झाला की येते ती तलफ. औषध अंगातून जाऊन महिने उलटले, विथड्रॉवलचा मागमूस नाही, तरी एखादा जिना, एखादा मित्र, एखादा वास पुरतो. नुकसान डोळ्यांसमोर दिसतंय, नोकरी गेली, घरचे तुटले, थांबायचं ठरवलंही, आणि हात पुन्हा तिकडेच जातो. आहारी जाण्याची खूण ही आहे.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असं धरल्यामुळे शास्त्रज्ञांचीही फसगत झाली. कोकेन थांबवल्यावर ओपिऑइडसारखे जुलाब, काटा, घाम असं फार काही दिसत नाही. म्हणून 1980 सालच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत कोकेनच्या गैरवापराची नोंद होती, अवलंबित्वाची नव्हती. त्यानंतरच्या दशकात क्रॅकने, म्हणजे ओढायच्या कोकेनने, काय केलं ते सर्वांनी पाहिलं. 2013 च्या आवृत्तीत तर जुगाराचाही व्यसनांच्या प्रकरणात समावेश झाला. तिथे अंगात जाणारा पदार्थच नाही.

उलट बाजूचं उदाहरण व्हिएतनामचं. 1970 च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांना स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन सहज मिळत होतं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. सुमारे एक पंचमांश जणांनी तिथे आपण हेरॉइनमध्ये पुरते अडकलो होतो असं सांगितलं, पण त्यांच्यापैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले साधारण 5 टक्केच निघाले. अंगवळणी सगळ्यांच्याच पडलं होतं. युद्ध मागे पडलं, जागा बदलली, सोबत बदलली, आणि बहुतेकांचं ते सुटलं.

शब्दांचा गोंधळ मात्र मिटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1964 मध्ये 'व्यसन' आणि 'सवय' हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून एकच 'अवलंबित्व' सुचवलं. 1987 च्या अमेरिकी पुस्तिकेनेही तोच शब्द धरला. समितीत तो केवळ एका मताने जिंकला, असं पुढे याच क्षेत्रातल्या डॉक्टरांनी लिहिलं आहे. हेतू चांगला होता, 'व्यसनी' या शिक्क्यातून रुग्ण सुटावा. झालं उलटंच. वेदनेसाठी मॉर्फिन घेणारा प्रत्येक जण कागदावर 'अवलंबित', म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात व्यसनी. 2013 मध्ये ही चूक दुरुस्त झाली. आता निदानाला 11 निकष आहेत, त्यांतले निदान दोन लागू पडावे लागतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्याच्या बाबतीत वाढता डोस आणि विथड्रॉवल हे दोन मोजायचे नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय.

कायद्याने हा घोटाळा जास्त महागात पाडला. अमेरिकेत अफू आणि कोकेनवरच्या 1914 च्या हॅरिसन कायद्यानंतर 1919 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, आहारी गेलेल्याला केवळ त्रास होऊ नये म्हणून मॉर्फिन लिहून देणं हा वैद्यकीय उपचारच नव्हे. ब्रिटनमध्ये 1926 च्या रोलस्टन समितीने नेमकं उलट म्हटलं: थोड्या, ठराविक डोसवर माणूस कामधंदा करू शकत असेल आणि त्याशिवाय शकत नसेल, तर तो डोस देणं हा उपचारच. मादक औषधांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराची प्रस्तावना तर एका दमात दोन्ही सांगते. वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत, आणि त्यांचं व्यसन हे मोठं अनिष्ट आहे. जगभरच्या सरकारांनी दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा बरंच मोठ्याने वाचलं, असं माझं मत.

मेथाडोन या ओपिऑइडवर तर आजही भांडणं होतात. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वॉन्डर यांनी 1960 च्या दशकाच्या मध्याला हेरॉइन घेणाऱ्यांना रोज तोंडाने मेथाडोन द्यायला सुरुवात केली. ते सावकाश चढतं, जवळजवळ दिवसभर पुरतं, झिंग देत नाही. "एक व्यसन काढून दुसरं दिलं," हा आक्षेप तेव्हापासूनचा. आपले दोन शब्द लावून पाहा. मेथाडोन अंगवळणी पडलेलंच आहे, बंद केलं तर विथड्रॉवल होणारच. पण माणूस सकाळी डोस घेऊन कामावर जातो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. तो कशाच्या आहारी गेलाय? 2005 पासून मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. रशियात मेथाडोनवर बंदी आहे.

या फरकाचा गैरफायदाही घेतला गेला, तो सांगितला नाही तर अप्रामाणिकपणा होईल. 1989 मध्ये दोन डॉक्टरांनी ल्युकेमिया झालेल्या 17 वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत लिहिली. वेदना पुरेशी शमत नसल्याने तो व्यसनी माणसासारखा वागत होता, आणि त्याला त्यांनी 'आभासी व्यसन' म्हटलं. निरीक्षण खोटं नव्हतं. पण 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी बाजारात आल्यावर याच कल्पनेच्या आधारे डॉक्टरांना सांगितलं गेलं की रुग्ण जास्त मागतोय ना, मग डोस वाढवा. 2007 मध्ये त्या औषधाशी संबंधित कंपनीने, त्याच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचं अमेरिकी न्यायालयात कबूल केलं. कुटता येणार नाही अशी गोळी 2010 मध्ये आली. तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. मग लंबक दुसरीकडे गेला. अमेरिकेतल्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतला दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या डोसचा आकडा अनेकांनी पाषाणरेषा मानला आणि वर्षानुवर्षं स्थिर डोसवर असलेल्यांची औषधं झटक्यात तोडली. तसं करू नका, असा इशारा 2019 मध्ये तिथल्याच औषध नियामकाला द्यावा लागला.

झटक्यात तोडण्याचा धोका सगळीकडे सारखा नसतो. ओपिऑइडचा विथड्रॉवल भयंकर वाटतो, पण सहसा त्याने जीव जात नाही; जीव जातो तो अंगाला औषधाचा विसर पडल्यावर जुनाच डोस पुन्हा घेतल्याने. दारू आणि डायझेपामच्या वर्गातल्या शामक गोळ्यांचं मात्र उलटं आहे. त्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात आणि माणूस दगावू शकतो. म्हणून अंगवळणी पडलेलं औषध डॉक्टरांच्या हिशेबानेच, पायरी पायरीने उतरवायचं.

आत्याने गोळ्या तोडणं थांबवलं, तेही डॉक्टरांनी तिच्यासमोर एक गोळी फोडून आतली रचना दाखवली तेव्हा. मग मणक्याला रेडिएशन झालं, दोनेक आठवड्यांत दुखणं ओसरलं, आणि डोस टप्प्याटप्प्याने खाली आणला. मधले दोन दिवस ती सारखी जांभया देत होती, हातावर काटा. "बघ, लागली ना सवय," असं म्हणून मला दटावलंही.

शेवटची गोळी संपून आठवडा झाला असेल. सकाळी चादर बदलताना उशीखाली तो जुना कागद सापडला, अर्धी गोळी अजून त्यात होती. "आत्या, ही तुझी," मी म्हटलं. तिने चष्मा वर करून पाहिलं. "कसली गं ती?"

परत करायच्या पाकिटात टाकली.