दाणा आला, चुना मागे राहिला

छत्रपती संभाजीनगरात कॅनॉटच्या बाजूला संध्याकाळी एक फूड ट्रक लागतो. फळ्यावर अगदी शेवटी खडूनं लिहिलं होतं, ‘मका पाव, मेक्सिकन’. मागवला. बटरवर खरपूस भाजलेला पाव, आत घोटलेला राजमा, लिंबात मुरलेला कांदा, सिल्लोडकडच्या हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मधोमध कणसाच्या पानात वाफवलेला मक्याचा जाड उंडा. पिठात पुन्हा पीठ कशाला, असं कुणी म्हणेल. पण वडापावात बटाटा असतोच की! मेक्सिको सिटीत सकाळी कामावर निघालेले लोक हेच खातात. मक्याचा वाफवलेला ‘तमाल’ पावात घालतात आणि त्याला ‘ग्वाहोलोता’ म्हणतात.

ठेच्यानं जीभ पोळली. त्याचं कारण आता नेमकं माहीत आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतो. म्हणून मेंदूला खरोखरच भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. त्यामुळे ठेच्यावर पाणी पिऊन काही होत नाही, दूध-दही लागतं.

पण मला अडवलं ते त्या उंड्यानं. मक्याची भाकरी मोडली की भुगा होतो. हा उंडा लुसलुशीत होता, एकजीव होता आणि त्याला मक्याच्या नेहमीच्या गोडसर वासापेक्षा गडद वास होता. ट्रकवरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, चुना आहे त्यात. खायचा. मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात ठेवतो.”

मला राहवेना. घरी अर्धा किलो वाळलेला मका घेतला, त्याला पाच ग्रॅम खायचा चुना, म्हणजे वजनाच्या एक टक्का. पातेलं स्टीलचं घेतलं, कारण जर्मलच्या भांड्याला चुना खातो. चुनकळी मात्र घरात हाताळू नये. विरवलेला, खाण्याचाच चुना घ्यावा. पाणी तापू लागलं तसा दाण्याचा रंग बदलला, फिकट पिवळ्याचा हळदीसारखा झाला. अर्ध्या तासानं एक दाणा काढून चिमटीत चोळला तर साल बुळबुळीत होऊन बोटावर आलं. दाण्याच्या सालीत हेमिसेल्युलोज नावाचा चिवट पदार्थ असतो. तो साध्या पाण्याला दाद देत नाही, चुन्याच्या तीव्र अल्कलीत मात्र सुटतो. गॅस बंद करून पातेलं रात्रभर झाकून ठेवलं.

मेक्सिको आणि त्याच्या आसपासचे लोक हे तीन हजार वर्षांहून अधिक काळ करत आले आहेत. मका मूळचा तिथलाच. नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, टिओसिंटे नावाच्या रानगवतातून शेतकऱ्यांनी तो घडवला. चुन्यात शिजवलेल्या मक्याला ते ‘निश्तामाल’ म्हणतात. नाहुआतल भाषेतल्या या शब्दाचा पहिला भाग म्हणजे राख. जिथे चुना नाही तिथे राख चाले, तीही अल्कलीच.

कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर मका युरोपात गेला. दाणा गेला, चुना गेला नाही. गरिबांच्या ताटात दुसरं काही उरलं नाही तिथे एक नवा आजार दिसू लागला. उन्हं लागणारी कातडी लाल होऊन सोलायची, जुलाब लागायचे, मग भ्रम आणि शेवटी मरण. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यांनी १७३५ साली त्याची लक्षणं टिपली. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तो गावोगाव होता. लोक त्याला संसर्ग समजत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी तो आहारातून येतो हे दाखवलं, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या कामातून नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, हा त्यावरचा उपाय हाती आला. वाईट वाटतं ते याचं की मक्यात नायसिन होतंच. पण ते अशा बांधणीत अडकलेलं असतं की आपल्या आतड्याला सुटत नाही. चुना ती बांधणी तोडतो. इकडे माणसं मरत होती आणि तिकडे मेक्सिकोतल्या बाया रोज रात्री तो उपाय चुलीवर चढवत होत्या.

आपल्या दख्खनलाही हा आजार ठाऊक आहे, पण ज्वारीतून. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब घरांत पेलाग्रा का होतो, याचा शोध हैदराबादच्या संशोधकांनी घेतला. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते शरीरात नायसिन तयार होण्याच्या आड येतं. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असली की चित्र पालटतं, कारण शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं.

सकाळी मका तीन पाण्यांतून धुतला आणि पाट्यावर घेतला. मेक्सिकोतला ‘मेताते’ म्हणजे पाटा-वरवंट्याचाच भाऊ, फक्त तीन पायांचा आणि उतरता. आई शेजारी येऊन उभी राहिली. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरीला चिरा पडतात, हे तिला बोटांनी कळतं. ज्वारीत काय, मक्यात काय, गव्हाची कणीक धरून ठेवणारं ग्लुटेन नाही. म्हणून आपण आधणाचं पाणी घालतो, काही स्टार्च फुगून चिकट होतो आणि तीच विरी. चुना हे काम आणखी पुढे नेतो. सुटलेल्या सालीचा डिंक पिठात राहतो आणि कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. आईनं गोळा हातात घेतला, दाबून पाहिला, पाण्याचा हात लावून थापायला घेतला.

“मक्याला एवढी विरी?” ती म्हणाली. तळहाताएवढं थापून झालं तरी कडेला एकही चीर नव्हती.