डी-डायमर (तीव्र विषाणुजन्य श्वसनरोगातील फलानुमान)

डी-डायमर : रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचे जाळे प्लाझ्मिन या एंझाइमाने तोडले की मागे उरणारा प्रथिनखंड. रक्तात तो वाढला म्हणजे शरीरात कोठेतरी गुठळी झाली आणि विरघळूही लागली, अशी खूण मिळते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी जुनीच आहे. कोविड-१९ च्या साथीत मात्र रुग्णाचा आजार पुढे कोणत्या वळणाने जाईल याचा अंदाज, म्हणजेच फलानुमान, बांधण्यासाठी ती दाखल होतानाच करण्याची पद्धत पडली.

नावाची उत्पत्ती : ‘डी’ हे अक्षर रचनेवरून आलेले नाही. १९६१ मध्ये पॅरिस येथे नुसेन्झ्वाइग, सेलिगमान व सहकाऱ्यांनी फायब्रिनोजेनावर (ज्यापासून फायब्रिन बनते त्या रक्तातील प्रथिनावर) प्लाझ्मिनची क्रिया घडवून त्याचे तुकडे वर्णलेखन-स्तंभातून (मिश्रणातील घटक अलग करणाऱ्या नळीतून) वेगळे केले. बाहेर पडलेल्या अंशांना त्यांनी ए ते ई अशी अक्षरे दिली. त्यांतील डी हा रेणूच्या टोकाचा आणि ई हा मधला भाग, हा उलगडा नंतरचा. डायमर म्हणजे द्विवारिक. गुठळी पक्की होताना तेरावा क्लथन घटक (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक) शेजारच्या दोन रेणूंची डी-टोके एकमेकांना सांधतो; प्लाझ्मिन इतरत्र छेद देतो, पण हा सांधा त्याच्याकडून सुटत नाही. म्हणूनच नुसत्या फायब्रिनोजेनाच्या विघटनातून डी-डायमर तयार होत नाही. चाचणीचे सारे मोल या एका गोष्टीत आहे.

हा जोडखंड प्रथम कोणी ओळखला याबद्दल मतभेद आहेत. श्रेय बहुधा ब्रिटनमधील गॅफनी यांना दिले जाते. परंतु १९७३ च्या सुमारास पोलंडमधील कोपेच आणि अमेरिकेतील पिझ्झो यांच्या गटांचेही याच विषयावरील निबंध प्रसिद्ध झाले. तिन्ही कामे इतकी जवळची आहेत की श्रेय विभागून देणेच अधिक न्याय्य वाटते. रुग्णालयात वापरता येईल अशी चाचणी १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील रायलॅट व सहकाऱ्यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडे (एकाच ठरावीक रेणुखंडाला चिकटणारी एकसारखी प्रथिने) वापरून तयार केली.

मोजमाप व एकके : अहवालातील आकडा दोन वेगळ्या एककांत येतो. एकात डी-डायमरचे स्वतःचे वजन धरतात (डीडीयू), तर दुसऱ्यात तो ज्या फायब्रिनोजेनापासून झाला त्याचे (एफईयू). फायब्रिनोजेनाचा रेणुभार सुमारे ३,४०,००० व डी-डायमरचा सुमारे १,९५,००० असल्याने एफईयूमधील आकडा डीडीयूच्या ढोबळमानाने दुप्पट असतो. जिच्याखाली गुठळी नाही असे धरतात ती नेहमीची ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलि. ही सीमा एफईयूमधील आहे. डीडीयूमध्ये ती सुमारे २५० होते. त्यात कोणी नॅनोग्रॅम प्रति मिलि., कोणी मायक्रोग्रॅम प्रति मिलि., तर कोणी मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितो. शिवाय प्रत्येक उत्पादकाचे प्रतिपिंड निराळे असल्याने दोन चाचणी-संचांवरील आकडे एकक जुळवूनही तंतोतंत जुळत नाहीत. साथीच्या पहिल्या वर्षातील अनेक निबंधांत एककाचा प्रकार लिहिलेलाच नाही, हा दोष फावालोरो व थाचिल यांनी २०२० मध्येच दाखवून दिला. एका रुग्णाचे दोन अहवाल दोन प्रयोगशाळांतील असतील, तर त्यांवरून चढउतार काढणे धोक्याचे आहे. वयानुसारही पातळी वाढते. त्यामुळे गुठळीच्या निदानात पन्नाशीनंतर वयाच्या दहापट (एफईयू, नॅनोग्रॅम) ही सीमा धरण्याची रीत आहे. गरोदरपण, शस्त्रक्रिया, कर्करोग व इतर संसर्गांतही ती वाढते.

कोविड-१९ मधील पुरावा : वूहानमधील टाँग व सहकाऱ्यांनी १८३ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. दाखल होतानाची मध्यक पातळी मृतांत २·१२, तर वाचलेल्यांत ०·६१ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. होती. त्याच शहरातील १९१ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात १ मायक्रोग्रॅमच्या वरची पातळी मृत्यूशी ठळकपणे निगडित आढळली आणि ही सीमा जगभर उचलली गेली. दोन्ही अभ्यास मागे वळून केलेले, रुग्ण थोडे. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो. समोरच्या एका रुग्णाचे भाकीत करण्याइतका भक्कम आधार मिळत नाही.

पातळी का वाढते याबद्दल दोन मते आहेत. सुरुवातीला ती सर्वांगीण क्लथनविकृतीचे (शरीरभर रक्त गोठत जाण्याच्या विकाराचे) लक्षण मानली गेली. पण त्या विकृतीत बिंबाणू (प्लेटलेट) व फायब्रिनोजेन घटतात. कोविडमध्ये सुरुवातीला ते बहुधा टिकून असतात, फायब्रिनोजेन तर वाढलेले असते. त्यामुळे मूळ फुप्फुसातील सूक्ष्मवाहिन्यांत आहे, हे मत अधिक पटते. २०२० मध्ये अकरमान व सहकाऱ्यांनी कोविडने व इन्फ्लुएंझाने दगावलेल्या प्रत्येकी सात जणांची फुप्फुसे तपासली. कोविडमध्ये वायुकोशांच्या केशवाहिन्यांतील गुठळ्या सुमारे नऊपट होत्या.

उपयोग व मर्यादा : ब्रिटनमधील मोठ्या रुग्णसंख्येवर बेतलेल्या, मृत्यूचा धोका मोजणाऱ्या ‘४सी’ गुणांकात वय, लिंग, सहव्याधी, श्वसनगती, ऑक्सिजन-पातळी व शुद्धी यांच्या जोडीला रक्तचाचण्या दोनच आहेत : यूरिया व सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन). डी-डायमर त्यात नाही. वूहानमधील आणखी एका प्रतिमानाने एलडीएच (पेशींची हानी झाल्यास रक्तात वाढणारे एंझाइम), लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व सीआरपी या तिघांवरून मृत्यूचे भाकीत नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने करता येते असे मांडले होते. इतर देशांतील रुग्णांवर ते तितके टिकले नाही. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या २०२१ मधील मोठ्या चाचण्यांत पूर्ण मात्रेचा फायदा अतिदक्षतेची गरज नसलेल्या रुग्णांना झाला. तो डी-डायमर जास्त असलेल्यांपुरता मर्यादित नव्हता. अतिगंभीर रुग्णांना मात्र फायदा झाला नाही. म्हणजे केवळ हा आकडा पाहून मात्रा वाढवणे या पुराव्यात बसत नाही.

भारतातील एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात ही चाचणी मध्यम आजारात दर ४८ ते ७२ तासांनी व तीव्र आजारात दर २४ ते ४८ तासांनी सुचवली होती. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरी असलेल्या सौम्य रुग्णांनीही ती सीआरपी व फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) यांच्या चाचण्यांसोबत करून घेतली. अशा रुग्णांत किंचित वाढलेल्या आकड्यापेक्षा बोटावरील ऑक्सिमीटरची घसरती नोंद अधिक लवकर व अधिक खात्रीने इशारा देते.