घोड्याला तहान लागत नाही तेव्हा

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५५ साली ‘टेव्हिस कप’ ही घोड्यांची लांब पल्ल्याची स्पर्धा सुरू झाली. लेक टाहोजवळून पहाटे निघायचं, सिएरा नेवाडाचे चढउतार पार करत ऑबर्न गाव गाठायचं. अंतर १६० किलोमीटर, मुदत २४ तास. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोहोचतात. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना वाटेतले पशुवैद्य थांबवतात, आणि मला या स्पर्धेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

घोड्याचं शरीर पळण्यासाठी घडलेलं आहे. पळताना त्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे स्नायूंना भरपूर प्राणवायू मिळतो. पण स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेपैकी बरीचशी उष्णताच होते, आणि ती बाहेर टाकायला मुख्य आधार घामाचा. उन्हात घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. लगाम घासतो तिथे मानेवर पांढरा फेस दिसतो ना, तो घामातल्या लॅथेरिन नावाच्या प्रथिनामुळे. तेलकट केसांवर घाम पसरून लवकर सुकावा, ही त्याची कामगिरी.

अडचण याच घामात आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घाम गेला की रक्तातल्या मिठाचं प्रमाण वाढतं आणि मेंदूला तहान कळते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, कधी त्याहूनही खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जातं, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि अंगातलं पाणी आटत चाललेला घोडा भरल्या हौदापुढे मान फिरवतो. म्हणून स्वार त्याला क्षार चारतात. तेही जपून, कारण पाणी न प्यायलेल्या घोड्याला नुसते क्षार दिले तर ते अंगातलं पाणी आतड्याकडे ओढतात.

तपासणीच्या ठिकाणी आधी नाडी बघतात. आरामात असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं; इथे ठरलेल्या वेळेत ते साठ-चौसष्टपर्यंत उतरावं लागतं. मग पशुवैद्य कातडी चिमटीत धरून सोडतात आणि ती किती लवकर सपाट होते ते बघतात. हिरडी अंगठ्याने दाबतात, गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात. ती गुरगुर थांबली असेल तर काळजी वाढते. कधीकधी घोड्याची कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर उडताना दिसते. रक्तातलं कॅल्शियम घटलं की हृदयाशेजारून जाणारी श्वासपटलाची नस अतिसंवेदनशील होते आणि हृदयाचा प्रत्येक ठोका तिला चाळवतो. शेवटी हातात दोर धरून घोड्याला दुडक्या चालीने पळवतात. एक पाय जरी अडखळत पडला तरी ते नजरेतून सुटत नाही.

चांगला स्वार उतारावर खाली उतरतो आणि घोड्याशेजारून स्वतः पळतो. ऑबर्नला पोहोचल्यावरही घोडा पुन्हा तपासला जातो. पुढे जाण्याइतकी ताकद त्याच्यात उरली आहे असं पशुवैद्यांनी म्हटलं, तरच ते १६० किलोमीटर पूर्ण झाले असं धरतात.