पृथ्वी फिरते म्हणून परतीचं विमान लवकर पोचतं?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हे ज्ञान अधूनमधून उगवतं: मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ लागतो, यायला कमी, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. निरीक्षण बरोबर, कारण चूक.

ठाण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५७५ किमी वेगाने पूर्वेकडे सरकते. पण तिच्यासोबत धावपट्टी, विमान, हवा सगळंच सरकतं. धावत्या लोकलमध्ये उडी मारून कोणी मागच्या डब्यात पडत नाही. शिवाय जमीन खालून सरकत असती, तर लंडनच आपल्याकडे आलं असतं आणि जातानाचा प्रवास झटपट झाला असता! मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायचा.

खरं कारण म्हणजे जेट स्ट्रीम: साधारण ९ ते १२ किमी उंचीवरून, म्हणजे विमानांच्याच पातळीवरून, पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. हिवाळ्यात तो ताशी २०० किमीच्याही वर जातो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. सुमारे ७,२०० किमीच्या या अंतरात त्यामुळे परतताना तासभर वाचू शकतो. (या वाऱ्यांना दिशा देण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तो असा आडून.)

आणि तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका. त्या त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.