कोबीचा गड्डा आणि ग्लोक्टाचे दात

डार्क फँटसीचं, म्हणजे भयाची आणि क्रौर्याची छाया असलेल्या अद्भुतकथेचं, एखादं ऑडिओबुक ऐकून संपलं की ऑडिबल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप श्रोत्याकडे तीनदा तारे मागतं. एकदा एकूण अनुभवासाठी, एकदा सादरीकरणासाठी आणि एकदा कथेसाठी. मुरलेल्या श्रोत्याला यात काही वावगं वाटत नाही. ‘गोष्ट पाच, आवाज दोन’ असा निकाल तो सहज देऊन टाकतो.

गोष्ट आणि सांगणं असं सुटं करून तोलायची ही रीत मात्र फार जुनी नाही. कीर्तनात उत्तररंग सुरू झाला की आख्यान कुणालाच नवं नसतं. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे पहिल्या रांगेत बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे गुण द्यायचे ते बुवांनाच. कादंबरी एकट्याने वाचताना उलट असतं, तिथे सांगणारा मध्ये येतच नाही. अनोळखी गोष्ट अनोळखी आवाजात, तीसतीस तास ऐकायची वेळ आली तेव्हा कुठे हे दोन हिशेब वेगळे झाले. त्यामागचा वाद साधा आहे: वाचणाऱ्याने नुसतं वाचावं की करून दाखवावं? मराठीत त्यासाठी वाचन आणि अभिवाचन असे दोन शब्द तयारच आहेत. इंग्रजीच्या जगाला हा फरक ठरवायला बरीच वर्षं लागली.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी मांडताना अंधांसाठी बोलकी पुस्तकं हाही एक उपयोग सांगितला. पण मेणाच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटांपलीकडे काही मावत नव्हतं, त्यामुळे कादंबरीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. खरी सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. आंधळे होऊन परतलेल्या कित्येक सैनिकांना त्या वयात ब्रेल शिकणं जमेना. अमेरिकेत १९३१ च्या कायद्याने अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी सरकारी पैसा मिळू लागला आणि १९३४ पासून ‘टॉकिंग बुक’च्या तबकड्या ग्रंथालयांतून निघू लागल्या. ब्रिटनमध्ये वर्षभराने तेच झालं. तिथे या कामामागे इयन फ्रेझर हे सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले गृहस्थ होते. तिथल्या पहिल्या पुस्तकांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची वादळाची गोष्ट होती. तबकडीच्या एका बाजूला सुमारे २५ मिनिटं मावत, एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. टपालाने आलेलं ते खोकं उचलायलाच दुसरा माणूस लागत असणार.

वाचावं कसं, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला. संगीत, आवाजांच्या करामती, एकाहून अधिक नट असे प्रयोग सुरुवातीला झाले. पण कल स्थिरावला तो एका स्वच्छ, संयमी आवाजाकडे. अंध वाचकाला पुस्तक हवं आहे, नाटक नको, आणि पात्रांचा चेहरामोहरा ठरवायचा हक्क त्याचा आहे, अशी ती भूमिका होती. अलेक्झांडर स्कूर्बी हा नट १९३७ च्या सुमारास या कामात आला आणि पुढे त्याने चारशेहून जास्त पुस्तकं वाचली. त्याचा आवाज खोल आणि भारदस्त, पण तो पुस्तकाच्या पुढे पुढे करत नसे.

त्याच १९३४ च्या जानेवारीत शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावरून मध्यरात्री ‘लाइट्स आउट’ नावाचा भयकथांचा कार्यक्रम सुरू झाला. मध्यरात्रीची वेळ मुद्दाम निवडलेली. विलिस कूपर आणि त्याच्यानंतर आर्च ओबोलर या लेखकांनी तिथे जे केलं ते टॉकिंग बुकच्या बरोबर उलट होतं. मुंडकं उडवायचं असेल तर मायक्रोफोनपुढे कोबीचा गड्डा सुऱ्याने चिरायचा. माणूस भाजायचा असेल तर तव्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या परतायच्या. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि स्टुडिओत बहुधा भाजीची तयारी चालल्यासारखं दिसत असेल. आपल्या आकाशवाणीच्या श्रुतिकांनी नारळाच्या करवंट्यांवर घोडे दौडवले, तीच ही जात.

म्हणजे एकाच वर्षी दोन शाळा उघडल्या. एक म्हणे, पुस्तक वाचा आणि बाजूला व्हा. दुसरी म्हणे, कोबी चिरा. पुढची पन्नास-साठ वर्षं दोघी एकमेकींच्या वाट्याला फारशा गेल्या नाहीत.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली बार्बरा कोहेन आणि मरियान रोनी या विशीतल्या दोघींनी केडमन रेकॉर्ड्स काढली आणि कवींना स्वतःच्या कविता वाचायला लावलं. डुव्हाल हेक्ट या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या नौकापटूने कॅलिफोर्नियात कामावर जाता-येता गाडीत ऐकायला काही धड मिळत नाही म्हणून १९७५ साली ‘बुक्स ऑन टेप’ सुरू केली. अखंड पुस्तकं, भाड्याने, टपालाने. मोठे प्रकाशक मात्र दोन कॅसेटमध्ये बसेल एवढंच ठेवून बाकीचं कापत. फँटसीच्या वाचकाला हे झेपणारं नव्हतं. तीन राज्यं, चाळीस पात्रं आणि दोनशे वर्षांचं वैर तीन तासांत आणलं तर उरतो तो वगाचा जाहिरातीचा कागद.

ज्याला डार्क फँटसी म्हणतात तो प्रकारही याच दशकांत घडत होता. ‘वियर्ड टेल्स’ हे मासिक १९२३ मध्ये निघालं. तिथे तलवारी, जुनी शापित नगरं आणि नाव घेता येऊ नये अशा गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. मायकेल मूरकॉकने १९६१ मध्ये एल्रिक आणला. दुबळा, मुळ्या-औषधांवर जगणारा राजा, ज्याची तलवार माणसांचे आत्मे पिते. ग्लेन कुकने १९८४ मध्ये भाडोत्री सैनिकांच्या नजरेतून युद्ध सांगितलं, आणि ते सैनिक लढत होते खलनायकाच्या बाजूने. १९९६ मध्ये जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या मालिकेचा पहिला भाग, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’, आला. आपल्या रसव्यवस्थेत सांगायचं तर अद्भुतात भयानक आणि बीभत्स मिसळलेले असतात, आणि वीररस असलाच तर दुखऱ्या पायाने लंगडत येतो.

हा प्रकार कानाने घेण्यात एक अडचण आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच पेटतो. छापील पानावर छळाचा प्रसंग आला की डोळा आपोआप धावतो. चार ओळी गाळतो, परिच्छेदाचा शेवट गाठतो. कानाला ती सोय नाही. भांडी घासताना असला प्रसंग सुरू झाला, हात साबणाने भरलेले, फोन फडताळावर. मग वाचणारा ज्या चालीने नेईल त्या चालीने जावंच लागतं. तो जर प्रत्येक किंकाळी रंगवू लागला तर दहाव्या मिनिटाला भीती संपते आणि ओशाळल्यासारखं होतं. अगदीच कोरडं वाचलं तर माणूस मरतोय की किराणा मालाची यादी चालली आहे ते कळत नाही. रहस्यकथेत किंवा प्रेमकथेत एवढी कसोटी लागत नाही.

ऑडिबल ही कंपनी डॉन कॅट्झने १९९५ मध्ये काढली. दोन वर्षांनी आलेल्या तिच्या पहिल्या यंत्रात जेमतेम दोन तासांचा आवाज मावत असे. लांबीचं बंधन पुढे सुटलं, आणि महिन्याच्या वर्गणीत एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक हा हिशेब रूढ झाला. पुस्तक सहा तासांचं असो की चाळीस तासांचं, मोल तेच. मग श्रोता चाळीस तासांचंच उचलणार. जाडजूड फँटसी कानावाटे एवढी पसरली त्यात या बनिया हिशेबाचा वाटा मोठा आहे, साहित्यप्रेमाचा नंतर. मार्टिनचा पहिला भाग सुमारे ३४ तासांचा आहे.

तो वाचला रॉय डोट्रिस या ब्रिटिश नटाने, ऐंशीच्या घरात असताना. एका ऑडिओबुकात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिल्याबद्दल गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आकडा ऐकून मान डोलवावीशी वाटते. पण ऐकणाऱ्यांची तक्रारही इथेच सुरू झाली. चौथा भाग आधी जॉन ली या दुसऱ्या वाचकाने वाचला. २०११ मध्ये पाचव्या भागाला डोट्रिस परतला तेव्हा मधे वर्षं गेली होती, आणि काही पात्रांचे आवाज आणि नावांचे उच्चार आधीच्या भागांशी जुळेनात. कोवळी राणी एकाएकी म्हातारी झाल्यासारखी वाटू लागली. (पुढे चौथा भागही त्याने वाचला, तक्रारी तरी थांबल्या नाहीत.) २२४ आवाज काढणं हा पराक्रम खराच, पण मालिकेच्या श्रोत्याला त्याहून मोठी गोष्ट हवी असते: काल ऐकलेला माणूस आज ओळखू यावा. स्टीव्हन एरिकसनच्या दहा खंडी मालिकेतही पहिल्या तीन खंडांनंतर वाचक बदलला, आणि नव्या आवाजाशी जुळवून घेताना श्रोत्यांनी तेच हाल सोसले. भरीला नकाशा आणि पात्रांची यादी ही पुस्तकातली हुकमी मदत कानाला मिळत नाही. मी स्वतः एका मालिकेतली दोन भावंडं एकच समजून पाऊण खंड ऐकला आहे.

आवाज बदलण्याची सर्वात दुखरी कथा फ्रँक म्युलरची. स्टीफन किंगच्या ‘द डार्क टॉवर’ मालिकेचे दुसरा, तिसरा आणि चौथा हे भाग त्याच्या आवाजात आहेत. त्याचं वाचन तलम आणि घाई नसलेलं. भीती तो शब्दांवर नव्हे, शब्दांमधल्या थांब्यांवर ठेवी. नोव्हेंबर २००१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि वाचन कायमचं थांबलं. त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी किंग आणि इतर नामवंत लेखकांनी न्यूयॉर्कमध्ये जाहीर वाचन केलं. २००३ मध्ये आलेला पाचवा भाग किंगने म्युलरला अर्पण केला. माझ्या डोक्यातले आवाज ज्याला ऐकू येतात त्याला, अशा अर्थाचे शब्द तिथे आहेत. वाचणाऱ्याला लेखकाने याहून मोठी पावती दिल्याचं मला तरी आठवत नाही. तो भाग जॉर्ज गिडॉलने वाचला, आणि तोही कसलेला वाचक. तरी कोणता आवाज खरा यावर श्रोते अजून भांडतात.

गुणपत्रिका दोन होऊ लागल्या त्या याच्या थोडं आधीपासून. वर्तमानपत्रांत कॅसेटचं परीक्षण म्हणजे मुळात पुस्तकाचं परीक्षण आणि शेवटी ‘वाचन चांगले आहे’ एवढी एक ओळ. रॉबिन व्हिटन यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑडिओफाइल’ या ऑडिओबुक-परीक्षणांच्या नियतकालिकाने पवित्रा उलटा घेतला: पुस्तक कसं आहे ते इतर सांगतीलच, आम्ही आवाजाबद्दल बोलू. १९९६ पासून ऑडिओबुकांसाठीचे ऑडी पुरस्कार सुरू झाले. ऑडिबलचे वेगळे तारे त्याच वाटेने आले.

आणि मग ग्लोक्टा. जो अ‍ॅबरक्रॉम्बीची ‘द ब्लेड इटसेल्फ’ २००६ मध्ये आली. तिच्यातला ग्लोक्टा एके काळचा रुबाबदार तलवारबाज. शत्रूच्या तुरुंगात छळ सोसून पांगळा होऊन परतलेला आणि आता स्वतःच इतरांचा छळ करणारा अधिकारी. जिना चढणं ही त्याची रोजची लढाई. छळणाऱ्यांनी त्याचे दात असे काढले आहेत की वर दात आहे तिथे खाली नाही आणि खाली आहे तिथे वर नाही. कागदावर त्याचं बोलणं साध्या टायपात आणि मनातले विचार तिरप्या टायपात छापलेले आहेत. स्टीव्हन पेसी या ब्रिटिश नटाने हे वाचताना बोलण्यातली वाक्यं बोबडी, फटीतून वारा जाणारी केली आणि मनातली वाक्यं स्वच्छ, खणखणीत, जुन्या तलवारबाजाच्या रुबाबात वाचली. टायपातला फरक कानाला कळला एवढ्यावर ते थांबत नाही. प्रत्येक संवादात मोडलेला देह आणि न मोडलेलं डोकं शेजारी उभे राहतात. एका वाक्यात तो बोबडा होऊन खुर्चीतल्या कैद्याला प्रश्न विचारतो आणि पुढच्याच वाक्यात स्वच्छ आवाजात स्वतःला विचारतो की हे आपण का करतो आहोत. रक्ताचे प्रसंग पेसी फारसे रंगवतच नाही. त्याला कोबी लागत नाही. पण स्कूर्बीसारखा तो बाजूलाही होत नाही. दोन्ही शाळांचं एवढं नीट जमलेलं लग्न मी दुसरं ऐकलेलं नाही, आणि इथे कथेचे तारे किती आणि आवाजाचे किती हे वेगळं करायला बसलं तर हात थांबतो.

मराठीत स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं आणि पाठोपाठ कानाने वाचणाऱ्यांचा वर्ग तयार झाला. इथे काळोखाची बाजू सांभाळली ती फँटसीने नव्हे तर भय आणि गूढ कथांनी, म्हणजे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी रुजवलेल्या प्रकाराने. मतकरी तर आपल्या गूढकथा व्यासपीठावरून स्वतः सांगत. त्यामुळे मराठी श्रोता वाचकाला जोखतो तो कथाकथनाच्या मापाने: शब्द स्वच्छ हवेत, थांबा अचूक हवा, आणि भूत आलं म्हणून आवाज घोगरा करायची गरज नाही. पार्श्वसंगीतावर मात्र आपण अजून फार विसंबतो. दार करकरलं हे वाक्यात लिहिलेलं असतं, ते वाचलंही जातं आणि मग दार करकरतंच.

जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅपलने यंत्राच्या आवाजात पुस्तकं वाचून द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यासाठी प्रेमकथा आणि सर्वसाधारण कादंबऱ्या चालणार होत्या. रहस्यकथा, विज्ञानकथा आणि फँटसी त्या पहिल्या यादीतून बाहेर ठेवल्या होत्या.