पार्श्वभूमी : ऑस्ट्रेलियातली छत-इन्सुलेशन योजना आणि प्रशिक्षणाची गाळलेली अट

राहत्या घरांच्या छताखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरण्याचे काम ऑस्ट्रेलियात पूर्वी मोजकेच कंत्राटदार करत. तेव्हाही ते निर्धोक नव्हते. कॅनबेरा परिसरात 1968 ते 1979 या काळात एका स्थानिक धंदेवाल्याने हजारभर घरांच्या माळ्यांवर सुटा, कर्करोगकारक अ‍ॅस्बेस्टॉस भरला. 1988 ते 1993 दरम्यान सरकारी खर्चाने तो उपसला गेला. पण तंतू भिंतींच्या पोकळ्यांत उरले, आणि अखेर 2014 मध्ये ती घरे विकत घेऊन पाडण्याचे ठरले. तरीही ऑस्ट्रेलियात इन्सुलेशन कामगारांच्या सुरक्षेचा विषय निघाला की आधी आठवतो तो चार तरुण कामगारांचा बळी घेणारा 2009-10 चा उन्हाळा (तिथे उन्हाळा वर्षअखेरीस येतो).

फेब्रुवारी 2009 मध्ये मंदीवर उतारा म्हणून संघराज्य सरकारने 42 अब्ज डॉलरचे पॅकेज जाहीर केले. त्यातले पावणेतीन अब्ज छतांच्या इन्सुलेशनसाठी होते. दर घरामागे 1,600 डॉलरपर्यंतचे अनुदान 1 जुलैपासून थेट कंत्राटदाराला मिळू लागले. घरमालकाच्या खिशाला झळ नाही म्हटल्यावर मागणी उसळली. दहा हजारांच्या आसपास कंत्राटदारांनी नोंदणी केली. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी माळ्यावर पाऊलही ठेवले नव्हते. योजना बंद होईपर्यंत सुमारे 11 लाख घरांचे काम उरकले होते.

वादाचे मूळ मात्र त्याआधीच्या, मार्च-एप्रिलमधल्या बैठकांत आहे. सुरुवातीच्या विचारानुसार माळ्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचे असणार होते. नंतर ही अट सैल झाली. प्रशिक्षण किंवा पुरेसा अनुभव फक्त सुपरवायझरला असला की पुरे, बाकीचे त्याच्या देखरेखीखाली काम करतील, असे ठरले. देखरेख म्हणजे काय, याची व्याख्या कुणी केली नाही. सुपरवायझरने माळ्यावर सोबत असायचे, खाली गाडीजवळ उभे राहायचे, की दुसऱ्या गावातून फोनवर विचारपूस करायची? एका सुपरवायझरने एका वेळी किती घरे सांभाळायची? कागदावर यांपैकी कशालाच उत्तर नव्हते.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की योजनेचा हेतूच कमी शिकलेल्या तरुणांना लगेच काम देण्याचा होता. सर्वांना आधी वर्गात बसवले असते तर 1 जुलै गाठता आला नसता. शिवाय कामाच्या जागेवरची सुरक्षा हा राज्यांचा विषय आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी. यातले शेवटचे वाक्य कायद्याला धरून आहे. पण हजारो अननुभवी हातांना पैसे देऊन माळ्यावर चढवणारा राज्यांकडे आणि मालकांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकत नाही. 1 जुलै ही तारीखही आभाळातून पडलेली नव्हती, ती सरकारनेच ठरवली होती.

अट सैल झाली तेव्हा धोका माहीत होता, ही यातली सर्वांत टोचणारी बाब. न्यूझीलंडमध्ये फॉइल इन्सुलेशन, म्हणजे वीज वाहून नेणारा धातूचा पातळ पत्रा, लोखंडी स्टेपलने ठोकताना विजेच्या धक्क्याने माणसे गेली होती. ती माहिती आखणी करणाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. जुन्या घरात छताच्या लाकडी वाशांवरून वायरी आडव्यातिडव्या गेलेल्या असतात. फॉइल अंथरले की त्या दिसेनाशा होतात. मग स्टेपल गनची एक पिन वायरीच्या आवरणातून आत घुसली तरी सगळे फॉइल लाइव्ह होते, आणि घामाने भिजलेला कामगार नेमका त्यावरच ओणवा झालेला असतो. आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो तो, गळती होताच वीज तोडणारा सेफ्टी स्विच अनेक जुन्या घरांत नव्हताच, किंवा असला तरी फक्त प्लग पॉइंटना होता, दिव्यांच्या लाइनला नाही.

14 ऑक्टोबर 2009 रोजी क्वीन्सलंडमध्ये 25 वर्षांचा एक कामगार असाच गेला. 1 नोव्हेंबरपासून फॉइलसाठी धातूचे स्टेपल बंद झाले. पण 18 नोव्हेंबरला त्याच राज्यात 16 वर्षांचा मुलगा गेला, आणि त्याच्या हातात फॉइल नव्हते. तो ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, गाद्या टाकत होता. केवळ स्टेपलवर बंदी घालून प्रश्न सुटणार नव्हता, हे त्याच दिवशी स्पष्ट झाले. खरा प्रश्न होता चालू विजेच्या माळ्यावर माणूस पाठवण्याचा. तीन दिवसांनी न्यू साउथ वेल्समध्ये 19 वर्षांचा तरुण उष्माघाताने गेला. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात 60 अंशांच्या वर तापतो. कधी खाली उतरायचे, पाणी किती प्यायचे हे नवख्याला कुणी तरी सांगावे लागते. 4 फेब्रुवारी 2010 रोजी पुन्हा क्वीन्सलंडमध्ये 22 वर्षांचा कामगार फॉइल बसवताना गेला. पाच दिवसांनी फॉइलचा वापर थांबवला गेला, आणि 19 फेब्रुवारीला सगळी योजनाच गुंडाळली गेली.

पुढची काही वर्षे तपासण्यांत आणि चौकश्यांत गेली. फॉइल बसवलेल्या सुमारे 50,000 घरांच्या मालकांना फॉइल काढून घेणे किंवा सेफ्टी स्विच बसवून घेणे असे पर्याय मिळाले. इन्सुलेशन बसवल्यावर काही घरांना लागलेल्या आगींवरही बरेच राजकारण झाले; इन्सुलेशन बसवलेल्या घरांच्या संख्येशी ताडून पाहता आगींचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढलेले नाही, असा हिशेब योजनेच्या समर्थकांनी मांडला. तो हिशेब चुकीचा नसेल, पण त्याने चार मृत्यूंचे उत्तर मिळत नाही. 2013 मध्ये क्वीन्सलंडमधल्या तीन मृत्यूंची न्यायालयीन चौकशी संपली. सत्तांतरानंतर नेमलेल्या शाही आयोगाने (रॉयल कमिशन, म्हणजे तिथली उच्चस्तरीय सरकारी चौकशी) ऑगस्ट 2014 मध्ये अहवाल दिला. योजना नीट आखली आणि राबवली असती तर हे मृत्यू टळले असते, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि प्रशिक्षणाची अट सोडण्याच्या निर्णयावर त्याने स्पष्ट ठपका ठेवला. आयोग नेमण्यामागे राजकीय हिशेब होता असे म्हणणारे आजही आहेत. असेलही, पण म्हणून बैठकांची इतिवृत्ते आणि ईमेल खोटे ठरत नाहीत.

2015 मध्ये इन्सुलेशन बसवण्याचे राष्ट्रीय मानक सुधारले. माळ्यावर शिरण्याआधी मेन स्विच बंद करा, ही सूचना आता सुरक्षा यंत्रणांच्या पत्रकांत ठळक असते. दरम्यान काम पुन्हा वाढते आहे. कॅनबेरात एप्रिल 2023 पासून भाड्याच्या घरांना छताच्या इन्सुलेशनचे किमान प्रमाण लागू झाले असून, जुन्या घरांसाठीची अंतिम मुदत नोव्हेंबर 2026 ची आहे. आता अनेक छतांवर सोलर पॅनेल आहेत. मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरीत करंट राहतो, आणि ती वायर बहुतेकदा याच माळ्यातून खाली उतरते.