पार्श्वभूमी : जुनी दुनळी आणि काडतुसाची ‘लांबी’

अमेरिकेतल्या खासगी शिकारक्षेत्रांत पाळून वाढवलेले फेझंट (कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी), चकोर आणि बॉबव्हाइट जातीचे लावे शिकारीसाठी सोडले जातात. फेझंट तिथे 1880च्या दशकात चीनमधून ओरेगॉनला आणून रुजवला. चकोर आपल्या उपखंडातून गेला. कुत्रा दबून बसलेल्या पक्ष्याकडे रोखून उभा राहतो आणि बार वीस-पंचवीस मीटरवर होतो. तेवढ्याला 28 ग्रॅम छर्रा भरपूर, म्हणून शंभर वर्षांच्या आडव्या दुनळ्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या बंदुका, इथे अजून कामात आहेत.

खरा घोळ ‘लांबी’ या शब्दात आहे. बारा बोअरच्या काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरची असते, तोंडाची घडी पूर्ण उलगडल्यावरची. 70 मिमीचं काडतूस न उडवता मोजलं तर साठ मिमीच्या आतच भरतं. त्यामुळे 65 मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसण्याचा भाग) ते अलगद बसतं, बंदूक बिनतक्रार बंद होते आणि मालक निर्धास्त होतो. बार होताच घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बाहेर आलेल्या केसचं, म्हणजे रिकाम्या काडतुसाचं, तोंड फाटकं, झालर सुटल्यासारखं दिसलं की समजावं. धक्का वाढतो, जुना दस्ता मानेपाशी चिरतो, सांधा ढिला होतो.

यावर चेंबर कोरून 70 मिमी करण्याचा उपाय निघाला, आणि तो आजही वादाचा आहे. आमच्या मते चूकच. कोरलेला धातू जातो तो दाब सर्वांत जास्त असतो तिथला. ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा दाब सोसण्याच्या चाचणीला पाठवावी लागते. अमेरिकेत सक्तीची चाचणीच नाही, कारागिराच्या शब्दावर सारं चालतं. त्यापेक्षा आधी गेजने चेंबर आणि नळीची जाडी मोजावी आणि कमी दाबाची 65 मिमीची काडतुसं घ्यावीत. लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांना पीळ देऊन केलेल्या दमास्कस नळ्या बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांना तर हे चुकवूच नये.

पुढे शिशाचा प्रश्न आला. 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचा छर्रा बंद झाला. कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये बंदी फेझंटपर्यंत नेली, पण परवानाधारक खासगी क्षेत्रांना 1 जुलै 2019 पर्यंत सूट दिली. पोलादी छर्रा दबत नाही; घट्ट चोकपाशी, म्हणजे तोंडाजवळच्या मुद्दाम अरुंद केलेल्या भागापाशी, नळीला फुगवटा आणतो. बिस्मथ या धातूचं काडतूस चालतं, मात्र शिशापेक्षा बरंच महाग पडतं, आणि ते घेतानाही खोक्यावरची लांबी वाचावीच लागते.